मे महिन्यातल्या तीन रात्री

९ जानेवारी

स्की माळ्यावरून उतरवले. दहा महिने पडून होते. कडांना गंज, तळाचं मेण वाळून पापुद्रे सुटलेले. सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "एकदा मरून पोट भरलं नाही वाटतं तुझं."

तेव्हा हसले. लिहिताना हसू येत नाही.

गेल्या मार्चमध्ये, काराकोलच्या वरच्या चढावर, गटाच्या पुढे चालत असताना माझं हृदय थांबलं. माझ्या जोडीचा वाटाड्या तेमिरकुल, त्यानं छाती दाबून दाबून दोन फासळ्या मोडल्या. डोंगराखालच्या तळावरचं, हृदयाला झटका देणारं यंत्र वर यायला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं माझ्याकडे नाहीत, तेमिरकुलकडे आहेत. तो कधी सांगत नाही आणि मी कधी विचारत नाही.

बावीस वर्षं या डोंगरात माणसं वर नेली, खाली आणली. आता दहा महिने तळाच्या दुकानात भाड्याचे बूट देते. "ताई, चाळीस नंबर आहे का?" आहे, बाबा, आहे.

१० जानेवारी

आंघोळीनंतर आरशात पाहिलं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा. वर पांढरी शिवण. बोटानं ढकललं तर किंचित सरकतो.

ही डबी माझ्याआधी दुसऱ्या कुणाच्या छातीत होती. नवी मिळायला वर्ष लागलं असतं आणि डॉक्टर म्हणाले होते की वर्ष तुमच्याकडे आहे असं मी लिहून देणार नाही. परदेशातली एक संस्था मेलेल्यांच्या छातीतून काढलेल्या, शुद्ध केलेल्या डब्या पाठवते. मी कागदावर सही केली. बारा सप्टेंबरला सकाळी बसवली. हृदय भलत्या वेगानं धावू लागलं तर ती आधी हलकेच टिचक्या मारून त्याला वळणावर आणते. नाहीच ऐकलं तर झटका. झटका बसला तर घोड्यानं लाथ मारल्यासारखं कळतं म्हणे. अजून बसलेला नाही.

घरी खरं सांगितलेलं नाही. सासूबाईंना वाटतं नवीकोरी आहे. मॉस्कोत ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याला, कुबातलाही तेच वाटतं. खोटं बोलले नाही मी, फक्त कुणी विचारलं नाही. (हे वाक्य पुन्हा वाचलं. हे खोटंच आहे.)

१४ जानेवारी

गेले!

फक्त तेमिरकुल आणि मी. जंगलाच्या कडेकडेनं, सोपा चढ. हिमलोटात शोधायला लागणारं यंत्र नेहमी डाव्या बाजूला बांधायचे, आज उजवीकडे, कमरेशी. डबीपासून लांब. पिशवीचा पट्टा शिवणीवर घासत होता, तिथे लोकरीची घडी घातली. पहिली शंभर पावलं नुसती छातीच ऐकत होते. मग विसरले. स्कीखालच्या पट्ट्या बर्फावर सरकतात तो आवाज — सर्र, सर्र — मला वाटलं होतं की तो मी पुन्हा ऐकणार नाही.

एक गोष्ट लिहायची की नाही, ठरत नव्हतं. लिहिते.

वरच्या मोकळ्या जागेच्या अलीकडे माझ्या मागून कुणीतरी येतंय असं वाटलं. माझ्याच चालीनं. मी सर्र, ते सर्र. तेमिरकुल तर पुढे होता. मागे वळले — कुणी नाही, आम्हा दोघांचीच एक वाट. आणि त्या वाटेवर, दहा पावलं मागे, माझा उजवा हातमोजा पडलेला. मी तो काढला नव्हता. हात उघडा, बोटं गारठलेली. घड्याळात अकरा वीस. तेमिरकुल लांबून ओरडत होता की कितीदा विचारू, चहा आता की वर?

मी त्याचं पहिलं विचारणं ऐकलंच नव्हतं.

१५ जानेवारी

पाय दुखतात. किती छान दुखतात!

२५ जानेवारी

दुसरी खेप, जरा वर. धुकं होतं. पुन्हा तेच.

या वेळी नीट लक्ष देऊन लिहिते, म्हणजे उद्या मला वाटायला नको की मी वाढवून सांगितलं. दुपारचे बारा वाजून गेले होते. आधी तोंडात गोडसर चव आली, कच्च्या दुधासारखी. मग मागचा आवाज. मग आवाज थांबला, आणि मला स्पष्ट वाटलं की जो कोणी आहे तो माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभा आहे आणि घाईत नाही. भीती वाटली का? नाही, आणि तीच गोष्ट आता घरी बसून भीतीदायक वाटते आहे. मग एकदम वारा सुरू झाला — म्हणजे वारा असणारच आधीपासून, मला पुन्हा ऐकू येऊ लागला.

तेमिरकुलला म्हटलं, तुला कधी कुणी मागून आल्यासारखं वाटतं का? तो म्हणाला, "मला रोज वाटतं. माझी बायको असते." मग चेहरा बदलून विचारलं की छातीत काही होतंय का. नाही म्हटलं. छातीत खरंच काही होत नव्हतं.

१ फेब्रुवारी

आज लेक ऐपेरी बरोबर होती. वीस वर्षांची झाली, माझ्यापेक्षा सरळ उतरते. यंदा वाटाड्यांच्या शिकाऊ गटात आहे — पाच मुली. मार्चमध्ये त्यांना खिंडीपलीकडे न्यायचं आहे आणि तळाचे साहेब म्हणतात की डॉक्टरचा लेखी कागद आणलास तर पुढे तू चाल, साइरा. नाहीतर तेमिरकुल.

मला चालायचं आहे. इतकं की लाज वाटते.

खिंडीखाली तीनशे पावलांची तिरपी वाट आहे, डोक्यावर बर्फ लटकलेलं. तिथे एकच नियम: पुढचा थांबत नाही. पुढचा थांबला की मागचे सगळे त्या बर्फाखाली उभे राहतात. मीच शिकवते हे दरवर्षी.

आज आम्ही तिथे गेलो नव्हतो, खालच्या उतारावरच होतो. दुपारच्या जेवणाला बसलो तेव्हा ऐपेरी म्हणाली, "आई, मघाशी तुला काय दिसलं?"

कधी?

"झाडं संपतात तिथे. तू थांबलीस. मी तीनदा हाक मारली. डोळे उघडे होते तुझे."

मी म्हटलं, वारा होता, ऐकू आलं नसेल. तिनं मान डोलावली आणि पावाचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला, जसा लहान मुलाला देतात.

मी थांबले नव्हते. माझ्या आठवणीत मी सलग चालले. फक्त तो मागून आला होता. आता मी "तो" लिहायला लागले, हे आत्ता लक्षात आलं.

२ फेब्रुवारी

वारा नव्हता काल.

७ फेब्रुवारी, बिश्केक

तपासणी. डिसेंबरातच व्हायची होती, मी लांबवली. पहाटे माशरुत्का, म्हणजे भाड्याची व्हॅन, सहा तास सरोवराच्या कडेनं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर वाळवलेल्या मासळीची माळ घेऊन.

डॉक्टर नवे आहेत, तरुण, नुरझात नावाचे. छातीवर चकतीसारखं काहीतरी ठेवलं, समोर स्वतःचं यंत्र उघडलं आणि डबीच्या आतली नोंदवही वाचू लागले. डबी सगळं लिहून ठेवते — हृदय कधी बिघडलं, किती सेकंद, तिनं काय केलं. मी तयारी करून गेले होते. हातमोजा, दुधाची चव, ऐपेरीच्या तीन हाका, सगळं सांगायचं ठरवलं होतं.

ते वाचता वाचता थांबले. मग म्हणाले, "ताई, या नोंदी तुमच्या नाहीत."

तीन नोंदी. २००९ साल. पाच मे, रात्री एक वाजून वीस. सोळा मे, रात्री दोन पाच. तेवीस मे, रात्री एक पन्नास. तिन्ही वेळा हृदय भलत्याच वेगानं धावलेलं, माणूस बहुधा बेशुद्धीच्या काठावर, आणि डबीनं टिचक्या मारून मारून परत आणलेलं. शेवटच्या वेळी तर वीस सेकंद लागले.

आधीच्या माणसाच्या नोंदी. पुसायच्या राहून गेल्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि ओशाळले. त्यांच्या यंत्रानं डबीचं घड्याळ आपोआप आजच्या तारखेला लावलं, त्यांनी जुन्या नोंदी पुसल्या. पुसण्याआधी मी त्या कागदावर उतरवून मागितल्या.

"आणि माझ्या?"

"तुमची एकही नाही. पाच महिने स्वच्छ."

मी तोंड उघडलं होतं सांगायला. मिटलं. स्वच्छ म्हटल्यावर काय सांगायचं? कागद लिहून मिळाला, शिक्का मारून: डोंगरावर पुढे चालण्यास हरकत नाही.

परतीच्या वाटेवर सहा तास मी त्याच्याबद्दल विचार करत होते. मे महिना. खिडकी उघडी असेल. रात्री एक वीसला तो उठून बसला असेल, शेजारी कुणी झोपलेलं असेल — किंवा नसेल. त्याला कळलं असेल का?

८ फेब्रुवारी

सासूबाईंना डबीचं खरं सांगितलं. आज सांगणं भागच होतं, कागद खिशात असताना खोटं कसं पचणार?

सासूबाई गेली तीस वर्षं आमच्या वस्तीतल्या बायकांना शेवटची आंघोळ घालतात. रीतीप्रमाणे आंघोळ घालणारीला मेलेलीचे कपडे मिळतात. त्यांच्या पेटीत अकरा रुमाल आहेत, प्रत्येक कुणाचा ते त्या डोळे मिटून सांगतील. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी माझ्या छातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आंघोळ न घालता त्याची वस्तू घेतलीस. हे बरं नाही केलंस."

मी म्हटलं, आई, परदेशातला माणूस, पंधरा वर्षांपूर्वीचा, मी कुठून आंघोळ घालणार?

"म्हणूनच येतोय ना तुझ्या मागून."

मी मागून येणाऱ्याबद्दल त्यांना एक अक्षर बोललेले नव्हते. ऐपेरीनं सांगितलं असेल. ऐपेरीला तरी कुठे सांगितलं होतं? विचारलं, तर म्हणाल्या, "तू रोज संध्याकाळी दार लावताना क्षणभर थांबतेस. कुणाला तरी आत येऊ देतेस."

मी हे करते? मला माहीत नाही.

मग त्यांनाच हसू फुटलं. "नवरा मॉस्कोत आणि परका पुरुष छातीत! कुबातला काय सांगू मी?" आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंनी कढई ठेवली. गुरुवारी तेल तापवून पिठाचे बोरसोक तळायचे, म्हणजे वास वरपर्यंत जातो आणि मेलेल्यांचे आत्मे तृप्त होतात. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आहे. तेल ढवळायला मीच उभी होते.

शेजारच्या मुल्लांना बोलावलं. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं म्हणू? नावच नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणा, साइराच्या छातीत जो आहे त्याच्यासाठी." मुल्ला बिचारे गोंधळले, पण म्हटलं त्यांनी. ऐपेरीसकट आम्ही चौघांनी तोंडावरून हात फिरवले. त्या क्षणी मला माझ्या पाठीवर थंडी जाणवली, दार उघडल्यासारखी. दार बंद होतं.

१७ फेब्रुवारी

दुकानातून सुटका! आजपासून पाच मुलींचा सराव माझ्याकडे. तेमिरकुलनं माझ्या बुटांत कुणाला न दिसता सुकं मांस लपवलं होतं, शुभ म्हणून. दिवसभर पायाला टोचत होतं.

२२ फेब्रुवारी

आला. झाडं संपतात तिथेच.

या वेळी मी त्याची वाट बघत होते, हे कबूल करते. गोडसर चव आली तेव्हा मनात म्हटलं, या. आवाज आला, खांद्याशी थांबला. मग मी गुडघ्यावर होते. वाकले कधी ते आठवत नाही. बुटाची कडी लावायला वाकले असेन — मुलींना तेच सांगितलं. कडी लागलेलीच होती.

मला वाटतं तो सोबत करतो. रात्री एकटा असताना तीन वेळा जे त्यानं सोसलं ते त्याला माहीत आहे. माझ्यावर येईल तेव्हा तो सांगेल. असं मला वाटतं, आणि वाटणं आणि कळणं यांत फरक आहे हेही मला समजतं. डॉक्टरांना फोन करावा का? पण काय सांगू? डबी म्हणते मी स्वच्छ आहे. यंत्रापेक्षा माझ्या पाठीवर जास्त विश्वास ठेवायचा?

की मला कागद गमवायचा नाही, एवढंच आहे हे?

२३ फेब्रुवारी

कागदाचंच कारण खरं आहे. उत्तर लिहायला धीर झाला नाही काल.

२ मार्च

खिंडीचा दिवस ठरला. नऊ तारखेला सकाळी आठ. पुढे मी, मग ऐपेरी, मग चौघी, शेवटी तेमिरकुल. दुसरा नंबर चिठ्ठ्या टाकून ठरणार होता, ऐपेरीनं हट्टानं मागून घेतला. का, विचारलं. म्हणाली, "तुझ्यावर लक्ष ठेवायला." बाकीच्या मुली हसल्या. ती हसली नाही.

५ मार्च

सासूबाईंनी रुमालांची पेटी उघडली. एक जुना पांढरा रुमाल काढून म्हणाल्या की ही बाई चौऱ्याण्णव वर्षं जगली, हा बांध. मी कानटोपीखाली बांधणार आहे. विज्ञान एका बाजूला.

८ मार्च, वरची झोपडी

बायकांचा दिवस. तेमिरकुलनं पिशवीत कुठे कुठे कोंबून सहा ट्यूलिप वर आणले, त्यातला एक मोडला. मोडलेला मला दिला. "तू मोडलेल्या गोष्टी चालवून घेतेस." कुर्दाक केलं, मांस-बटाटे तळून, मुलींनी पत्ते कुटले, कुणीतरी फार वाईट गायलं. आभाळ स्वच्छ.

झोपण्याआधी ऐपेरी माझ्या शेजारी आली आणि कारण नसताना माझ्या मनगटावर बोटं ठेवून बसली. मोजत होती. मी मोजू दिलं.

"आई, तू उद्या थांबली नाहीस तर बरं होईल," ती म्हणाली. मी म्हटलं, थांबत नाही. वचन दिलं.

९ मार्च, सकाळी साडेसात

डॉक्टर नुरझात यांचा फोन. रविवार असूनही. कालपासून लावत होते म्हणे, इथे आत्ता लागला.

नारिनहून एक म्हातारे आले होते तपासायला. त्यांची डबी नवीकोरी, खोक्यातून काढलेली, माझ्याच आठवड्यात बसवलेली. तिच्यातही २००९ च्या नोंदी. मग शोध घेतला. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या यंत्राची घड्याळाची बॅटरी मेलेली आहे. चालू केलं की ते दर वेळी एक जानेवारी २००९, रात्री बारापासून मोजू लागतं, आणि डबीत तेच घड्याळ घालतं.

मी ही वही उघडली. बारा सप्टेंबर, सकाळी दहा, डबी बसवली ती वेळ, म्हणजे तिचं एक जानेवारी — तिथून मोजलं. पाच मे रात्री एक वीस, म्हणजे चौदा जानेवारी, सकाळी अकरा वीस. सोळा मे, म्हणजे पंचवीस जानेवारी. तेवीस मे, म्हणजे एक फेब्रुवारी. वीस सेकंद. ऐपेरीच्या तीन हाका.

मे महिना नव्हता. रात्र नव्हती. तो नव्हता.

बाहेर पाचही जणी स्की बांधून उभ्या आहेत. ऐपेरी दार वाजवते आहे — आई, बर्फ मऊ होईल, चल. उठते. आधी तिलाच आत घेते आणि सांगते.